डाव्या बाहीचं माप

१

मावशींनी डबी उघडली आणि हात तसाच राहिला. डबीत चश्मा नव्हता.

इलॅस्टिक संपलं म्हणून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या होत्या. जाताना चश्मा पुसून डबीत ठेवला होता आणि डबी शिवणयंत्राच्या फळीवर, कात्रीला लागून. परत आल्या तेव्हा डबी तिथंच होती, झाकण पक्कं लावलेलं. आत फक्त पुसायचं पिवळं फडकं, तेही घडी घालून.

त्यांनी फळीखाली चाचपलं. चिंध्यांची पिशवी उलटी केली. स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून पाहिला. मग खुर्चीत बसल्या. एरवी चश्मा हरवला असता तर त्या हसल्या असत्या. आज हसून चालणार नव्हतं, कारण उद्या भेट होती.

थोरला मुलगा या परक्या मुलखात राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला गेला होता. कचेरीच्या खिडकीवर गेला, तो खिडकीच्या पलीकडेच राहिला. मुदत उलटून गेली होती म्हणे. तिथून त्याला शहराबाहेरच्या डिटेन्शन सेंटरमध्ये नेलं. घरात ते नाव कुणाच्या तोंडात नीट बसेना, म्हणून सगळे नुसतं ‘सेंटर’ म्हणायचे, जसा काही तो टायपिंग शिकायलाच गेला होता. खेटे घालून घालून आता कुठं भेट मिळाली होती, मावशी आणि धाकटा मुलगा या दोघांना मिळून अर्धा तास. पुढची कधी मिळेल, आणि तोवर तो इथं असेल की त्याला दूर धाडून दिलेलं असेल, हे कुणी सांगत नव्हतं.

मावशींना एकच गोष्ट हवी होती. त्याला डोळे भरून बघायचं होतं. लोक येऊन सांगत, “बरा असेल हो,” आणि मावशी मान हलवत. पण बघितल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येणार नव्हता.

कपड्यांचा एक जोड न्यायला परवानगी होती. नाडी नको, हूक नको, चेन नको, धातूचं बटण नको, अस्तर नको. “माणूस तेवढा आत चालतो म्हणायचं,” असं म्हणून मावशी उसवायला बसल्या होत्या. सगळा जन्म शिवण्यात गेला होता त्यांचा. इमारतीत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं, त्या सगळ्यांच्या शिवणमावशी होत्या. आणि आता ऐन कामात चश्मा गेला होता.

चोरण्यासारखं त्यात काय होतं? एक दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली, एका काचेच्या कोपऱ्यात तडा. भंगारवाल्यानंसुद्धा तो परत दिला असता. शेजारी चांगली कात्री होती, खुंटीला पर्स होती, त्यांना कुणी हात लावला नव्हता.

मावशींनी डबी बंद केली. खट्ट आवाज झाला आणि त्या थबकल्या. चोर नेहमी घाईत असतो. मग हा कोण असा निवांत चोर, ज्यानं चश्मा काढून घेतला, फडक्याची घडी केली आणि वर झाकणही लावलं?

२

इमारतीत काही हरवलं की बायका मावशींकडे येत. मावशी कधी कुणाच्या पलंगाखाली वाकल्या नाहीत. “वस्तूला पाय नसतात, माणसाला असतात,” म्हणायच्या. चहा टाकायच्या, समोरच्याला बोलू द्यायच्या. चहा निवायच्या आत बहुतेक वेळा वस्तू सापडायची. पण आजवर हरवलेलं दुसऱ्याचं असायचं आणि संशयही दुसऱ्याच्याच घरावर घ्यायचा असायचा. तेव्हा चहा गोड लागायचा.

घरात सून होती. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ती चादरींना इस्त्री करायची. आज अर्धी रजा काढून आली होती.

“अगं, माझा चश्मा पाहिलास?”

“डोक्यावर बघा आधी.”

“डोक्यावर फक्त संसार आहे.”

सून हसली नाही. तिनं चहाचं आधण ठेवलं, साखर घातली, पत्ती घातली आणि दोन्ही डब्यांची झाकणं ओट्यावर तशीच टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची ही सवय. या घरात झाकणांचं आणि डब्यांचं तिच्यामुळं कधी पटलं नाही.

“मी बाहेर गेले तेव्हा कोण कोण आलं?”

“मी आंघोळीला गेले होते. भाऊजी डबा विसरले होते, तो घ्यायला आले. मी आतूनच ओळखलं, पायरीवर त्यांची किल्ली वाजते. आणि खालचे काका येऊन गेले असणार, कारण दार सताड उघडं होतं.” मग ती वळली. “आई, माझ्यावर संशय आहे का तुमचा?”

“संशय कशाला? विचारतेय.”

“नाही, असला तरी हरकत नाही. तुम्ही जाणार, भाऊजी जाणार, आणि ज्याच्याशी लग्न केलं ती मी घरी बसणार. परवा रडले, ताट आपटलं, ते तुम्ही पाहिलंय.”

तिच्याही परवान्याची मुदत नवऱ्याच्याच तारखेला संपली होती. वकील म्हणाला होता, त्या फाटकात आपल्या पायांनी गेलीस तर परत येण्यासाठी दुसऱ्याचे पाय शोधावे लागतील.

“पण मी तुमचा चश्मा कशाला लपवू?” सून म्हणाली. “उद्या तुम्ही माझे डोळे घेऊन जाताय. नीट बघून या. वाळलेत का, दाढी करतात का, हसतात का. सगळं येऊन मला खरं सांगायचं. कबूल केलंय तुम्ही.”

“कबूल केलंय.”

“आता चश्मा नाही, तर शिवण कशी पुरी होणार? मला तर सरळ टाका येत नाही. आणि डावी बाही, ती भाऊजी सांगत होते तशी सैल केली का?”

“केली. पण कशाला ते मला अजून कळलं नाही. त्याचं माप मला पाठ आहे.”

“झडती घ्यायला सोपं जातं म्हणे.”

मावशींनी चहाचा घोट घेतला. काहीतरी टोचलं, जसं कापडात विसरलेली टाचणी टोचते. कुठं टोचलं ते मात्र कळेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, “वहिनी, चश्म्याचं काय झालं?”

चश्मा हरवल्याचं तर सुनेशिवाय अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

३

खालच्या मजल्यावरच्या काकांना सगळे चौकशीकाका म्हणत. जगात कुणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. ते आत आले. दार नेहमीप्रमाणे मागं उघडं राहिलं. दार लावायचं असतं, हे त्यांना शिकवायचं त्यांच्या आईच्या हातून राहून गेलं होतं.

“तुम्हाला कसं कळलं चश्म्याचं?” मावशींनी विचारलं.

“जिन्यात ऐकू येतं हो सगळं. तुमची सून बोलते म्हणजे वरच्या टाकीलाही कळतं.”

“मघाशी तुम्ही येऊन गेलात.”

“गेलो ना. चश्माच मागायला आलो होतो. माझ्या चश्म्यावर मी परवा बसलो. पेपर वाचायला तुमचाच बरा पडतो. नेहमी नेतो, नेहमी परत आणतो.”

“परत मी आणते, काका. तुमच्याकडून.”

“तेच ते. पण आज नेला नाही. डबी बंद होती. तुमच्या घरातल्या बंद डबीला मी हात लावत नाही.”

“कधीपासून?”

“टाचण्यांच्या डबीत खडीसाखर असेल म्हणून हात घातला होता, तेव्हापासून.” त्यांनी अंगठा दाखवला, जणू जखम अजून ताजी होती. सुनेच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच मावळलं.

“येताना कुणी भेटलं?”

“धाकटा तुमचा. डबा छातीशी धरून खाली उतरत होता, जसं लेकरू धरावं. मी विचारलं, अरे, मागच्या आठवड्यात तुला सेंटरच्या फाटकावरून परत पाठवलं, ओळखपत्र नव्हतं म्हणून. मग आता नीट घेतलंस ना सगळं? तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी किती गप्पा मारतो. रागावलाय का माझ्यावर?”

“नाही हो. घाईत असेल.”

काका गेले, दार उघडं टाकून. मावशींनी उठून ते लावलं आणि खिडकीशी आल्या. सुईत दोरा ओवायचा म्हणून त्यांनी कितीदा डोळे बारीक केले, पण सुईचं नाक काही सापडेना. कंटाळून त्यांनी मान वर केली आणि रस्त्याच्या पार टोकाला पाहिलं.

तिथं, पाण्याच्या टाकीजवळ, धाकट्याची सामान पोचवायची गाडी उभी होती. घराखाली जागा रिकामी असताना तिकडं लांब. धाकटा आत बसला होता. दोन्ही हात चाकावर, कपाळ हातांवर. बराच वेळ तो तसाच होता. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, आरशात पाहिलं, पुन्हा पुसलं. आणि गाडी घराकडे निघाली.

मावशी खिडकीतून मागं सरल्या. आपण पाहिलं, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

४

धाकटा आत आला तो चेहरा धुतल्यासारखा करून. “काय गं आई, झालं का दादाचं पॅकिंग?”

“चश्मा हरवलाय माझा.”

“अरेरे,” तो म्हणाला. कुठं ठेवला होतास, कधी, शोधलास का, असं काही त्यानं विचारलं नाही. हातातला डबा एरवी तो आल्या आल्या मोरीत टाकायचा. आज त्यानं तो फळीवर वरच्या बाजूला ठेवला, भिंतीशी सारून.

“जेवलास?”

“जेवलो.”

डबा ठेवताना त्याच्या हाताला जड जात होता. रिकामा डबा असा ठेवला जात नाही, हे मावशींना दिसलं.

धाकटा यंत्राशेजारी स्टुलावर बसला. “आण इकडं. मी ओवून देतो.” त्यानं एकामागून एक सुया घेतल्या, प्रत्येकीत दोरा ओवला, गाठ मारली आणि सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवल्या, ओळीनं, मावशींना नुसतं हातानं उचलता येतील अशा. लहानपणी दोघं भाऊ हेच करायचे. आई काम घेऊन बसली की पोरं शेजारी बसून सुया भरायची. सगळ्या भरून झाल्यावर त्यानं उरलेल्या सुयांची डबी उचलली, झाकण लावलं, दाबून पाहिलं आणि मग खाली ठेवली.

मावशींचा हात कापडावर थांबला.

“उद्या चश्म्याशिवायच चल,” तो म्हणाला. “काय बिघडतंय? मी आहे ना बरोबर. दादा कसा दिसतोय ते मी तुला सांगेन.”

“सांगशील?”

“म्हणजे काय!”

मावशी चाचपत बाही दुमडू लागल्या. उजवी झाली. डावी हातात घेतली.

“कंबर घेतलीस ना दोन बोटं आत?” धाकटा म्हणाला. “तिथलं जेवण काय, बारीक झालाच असणार. आणि डावी बाही अजून थोडी सैल कर.”

“अजून?”

“झडतीला बरं पडतं.”

टाचणी कुठं टोचत होती ते आता मावशींना कळलं. त्यांनी सुई गादीत टोचली.

“झडती घेणाऱ्याला दोन्ही हात सारखेच असतात ना रे?” त्यांनी हळूच विचारलं. “मग एकच बाही का?”

धाकटा पुन्हा सुयांच्या डबीचं झाकण दाबून बघू लागला.

५

सून भाजी आणायला खाली गेली होती. खोलीत दोघंच होते आणि फळीवरचा तो जड डबा.

“चोर कोण, ते मला झाकणानं सांगितलं,” मावशी म्हणाल्या. “माझी सून जन्मात कुठल्या डब्याला झाकण लावत नाही. चौकशीकाका दारसुद्धा लावत नाहीत, ते डबी लावतील? थोरला लहान असताना त्याच्या पायात टाचणी शिरली होती. पाय सुजला, दिवसभर रडला. तेव्हापासून या घरात एक नियम आहे. झाकण आधी, बाकी सगळं मागून. तो नियम तुम्हा दोघांच्या हाडात आहे. चोरी करतानाही सुटला नाही. दोघांतला एक सेंटरमध्ये आहे. उरलास तू.”

धाकटा खाली बघत होता.

“का घेतलास, ते मला कळत नव्हतं. मला जाऊ द्यायचं नाही म्हणावं, तर तूच ‘चश्म्याशिवाय चल’ म्हणतोस. कपडे होऊ द्यायचे नाहीत म्हणावं, तर तूच सुया ओवून देतोस. म्हणजे मी जायचं, पण बघायचं नाही. आणि काय बघायचं नाही, ते तुला कसं ठाऊक? फाटकावरून परत आलेल्या माणसाला आतल्याची कंबर कशी कळते? डावा हात कसा कळतो?” त्या थांबल्या. त्यांचा आवाज आता विचारणाऱ्याचा राहिला नव्हता. “तू आत जाऊन आलास.”

धाकट्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मावशींनी त्याला रडू दिलं. पाणी दिलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. उत्तर मिळाल्याशिवाय त्या ते करणार नव्हत्या.

“हात मोडलाय,” तो म्हणाला. “प्लॅस्टर आहे. समोरचे दात गेलेत. जिन्यावरून पडलो म्हणतो. मी विचारलं, कुणी पाडलं? तर म्हणाला, जिना अरुंद आहे.”

मावशींनी डोळे मिटले.

“मला तुझी शपथ घातली त्यानं. म्हणाला, आईला यातलं काही सांगायचं नाही. मी म्हटलं, मग आणू नको का तिला? तर म्हणाला, तिला थांबवणारा अजून जन्माला यायचाय. येऊ दे. तिचा चश्मा तेवढा घरी राहील असं कर. तिच्या डोळ्यांसमोर मी असा नको.”

“म्हणजे चोरी तुझी आणि अक्कल त्याची.”

“लहानपणापासून तसंच आहे,” धाकटा रडत रडत म्हणाला, आणि दोघंही क्षणभर हसले. मग मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानं उठून डबा उघडला. जेवण तसंच होतं. वरच्या खणात रुमालात गुंडाळलेला चश्मा होता, काळ्या दोऱ्याची दांडी वर करून. त्यानं तो पुढं धरला. “घे. मी दादाला सांगेन, जमलं नाही म्हणून.”

मावशींनी रुमालाच्या घडीवर बोटं फिरवली आणि चश्मा त्याच्या हातून घेतला.

“आज रात्री शिवण पुरी होईपर्यंत राहू दे माझ्याकडे. उद्या सकाळी पुन्हा तुझ्याकडे.”

“म्हणजे? उद्या घालणार नाहीस?”

“त्यानं इतक्या दिवसांत एकच गोष्ट मागितलीय. ती द्यायची.”

धाकटा त्यांच्या पायाशी बसून राहिला. आई किती मोठ्या मनाची, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मावशींनी ते वाचलं आणि त्याची समजूत मोडली नाही. कारण एक गोष्ट त्याच्या, आणि आतल्या त्या हुशार थोरल्याच्याही, लक्षात आली नव्हती.

६

फाटकावर कपडे तपासून घेतले. तिथल्या बाईनं शिवणीवरून बोट फिरवलं, बाही उलटी केली. “कुणी शिवलं?” तिनं विचारलं.

“मीच.”

“छान आहे,” ती म्हणाली, आणि गठ्ठा एका टोपलीत टाकला.

भेटीचं दालन लांबलचक होतं. आधी भेटणाऱ्यांना बसवत, मग त्या टोकाच्या लोखंडी दारातून एकेकाला आत सोडत. अरुंद टेबलं, प्रत्येकाच्या दोन बाजूंना खुर्च्या. मावशी बसल्या. धाकटा शेजारी बसला. त्याच्या खिशात चश्मा होता.

लोखंडी दार उघडलं.

तो चश्मा जवळचा होता. सुईच्या नाकासाठी, टाक्यांसाठी, काकांच्या पेपरासाठी. सुनेला ते ठाऊक होतं, म्हणून तिला चश्म्यावरून फक्त शिवणीची काळजी वाटली होती. मुलांनी मात्र आई पाहिली ती यंत्रावर वाकलेली, नाकावर काचा. त्या काचांशिवाय आईला काही दिसत नाही, अशी दोघांची समजूत. खिडकीबाहेर बघताना ती चश्मा कपाळावर ढकलते, हे दोघांपैकी कुणी पाहिलंच नव्हतं. लांबचं मावशींना घारीसारखं दिसायचं.

दारात थोरला उभा होता.

केस बारीक कापलेले, गालांवर कैक दिवसांची दाढी. सदरा खांद्यांवरून टांगल्यासारखा. मानेची हाडं वर आलेली. डावा हात गळ्यातल्या पट्टीत, कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा.

“दादा यायचाय अजून,” धाकटा हळूच म्हणाला. “बस जरा.”

“हो का,” मावशी म्हणाल्या. त्यांनी नजर थोडी बाजूला वळवली, न दिसणाऱ्या माणसाची असते तशी. पण कडेनं सगळं दिसत होतं.

थोरला दाराशीच थांबला होता. त्यानं गळ्यातली पट्टी काढून खिशात कोंबली. हात खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पिळवटला. दुसऱ्या हातानं त्यानं बाही ओढून प्लॅस्टर झाकलं. मग त्यानं हसून पाहिलं. समोर काळी फट दिसली. त्यानं ओठ मिटले आणि मिटल्या ओठांनी पुन्हा हसून पाहिलं, एकदा, दोनदा, शाळेतल्या फोटोआधी करायचा तसं. जमलं असं वाटल्यावर तो निघाला.

मावशींनी त्याच्यासाठी दिवसचे दिवस तयारी केली होती. त्याचीही तयारी चालू होती हे त्यांना आत्ता कळलं.

तो जवळ येत गेला तसा पुसट होत गेला. आधी हाडं गेली, मग दाढी गेली, मग डोळे. समोर बसला तेव्हा एक करडा ढग बसला होता.

“आई.”

“आलास? चश्मा हरवला रे माझा ऐनवेळी. तू म्हणजे नुसतं धुकं दिसतोयस.”

“हरवला?” ढगानं एक लांब श्वास सोडला. “असू दे गं. मी आहे तसाच आहे.”

“अंग धरलंयस वाटतं.”

“धरणारच! काम नाही, धाम नाही. खायचं आणि झोपायचं.” त्याच्या बोलण्यातून वारा निसटत होता. कानांना चश्मा लागत नाही, पण मावशींनी कानही झाकल्यासारखे केले.

“दाढी करतोस का? तुझ्या बायकोनं विचारायला सांगितलंय.”

“कालच केली म्हणावं.”

“हात दे.”

त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला. मावशींनी तो दोन्ही हातांत घेतला. “आणि दुसरा?”

मग थोरला म्हणाला, “इथं एकच हात टेबलावर ठेवायचा नियम आहे, आई.”

पाठीमागं उभा असलेला पहारेकरी हे ऐकत होता. तो छताच्या पंख्याकडे बघू लागला.

“काय एकेक नियम,” मावशी म्हणाल्या, आणि तो एकच हात अर्धा तास धरून बसल्या. घरच्या गोष्टी झाल्या, काकांच्या अंगठ्याची गोष्ट झाली, थोरला मिटल्या तोंडानं हसला. धाकटा टेबलाकडे बघत होता.

वेळ संपल्याचं कुणीतरी ओरडलं. हात सोडावा लागला.

थोरला उठला आणि पाठ फिरवून चालू लागला. आता त्याला तयारीची गरज नव्हती, आईला काही दिसत नव्हतं. त्यानं डावा हात उजव्यात घेतला, खांदे सोडून दिले, एक पाय किंचित ओढत तो जात राहिला. आणि मावशी बघत राहिल्या. जसजसा तो लांब गेला, तसतसा स्वच्छ दिसत गेला. आधी मान, मग पाठ, मग कमरेशी चुण्या पडलेली विजार. दारापाशी पोचला तेव्हा पुरा दिसला. तिथं तो एकदा वळला. मावशींनी नजर बाजूला नेली आणि भलत्याच दिशेला हात हलवला.

७

“बरं झालं ना आई, दिसलं नाही ते?” गाडीत धाकटा म्हणाला.

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या.

घरी पोचल्यावर तो गाडी लावायला गेला. सून दारातच उभी होती, दोन्ही हात पदरात. तिच्यानं विचारवेना.

मावशी आत गेल्या, उरलेलं कापड यंत्रावर पसरलं आणि खडू घेतला.

“पुढच्या खेपेला दुसरा जोड द्यायचा,” त्या म्हणाल्या. “दार लाव. धाकटा वर यायच्या आत ऐक. त्यानं कंबर दोन बोटं सांगितली होती. दोन नाही, चार आत घ्यायची. डावी बाही खांद्यापासून बाजूनं उघडी ठेवायची, हात न हलवता घालता येईल अशी. आणि पायाला जरा सैल.”

सून उभीच होती. माप तिला कळत नव्हतं असं नाही. ती ते एकेक करून नवऱ्याच्या अंगावर लावून बघत होती.

“हसले का?” तिनं शेवटी विचारलं.

“हसला,” मावशी म्हणाल्या. “तोंड मिटून.”

जिन्यात किल्लीचा आवाज झाला. सुनेनं पदरानं डोळे पुसले, स्टूल ओढून यंत्राशेजारी बसली, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.